पोचल्याचा रुपया

बेगमपुऱ्यात आमच्या वरच्या मजल्यावर सगीरा आपा राहायची. दुपारी गल्ली निजली की तिच्या खिडकीतून पाणचक्कीच्या पाण्याचा आवाज आत यायचा. तो एवढ्या लांब ऐकू येतो की नाही, यावर माझा आणि माझ्या नवऱ्याचा कायमचा वाद आहे. तो म्हणतो, वरच्या टाकीचा नळ गळतो, बाकी काही नाही. मला मात्र तो ऐकू यायचा आणि आपालाही यायचा. त्या आवाजात तिचं शिलाई मशीन चालायचं, आणि शहरातली परदेशी निघालेली कितीतरी बिऱ्हाडं आमच्या जिन्यावरून वरखाली व्हायची.

शेंद्र्याच्या आणि वाळूजच्या कंपन्यांतल्या पोरांच्या बदल्या व्हायच्या. कुणी जर्मनीला, कुणी मलेशियाला, कुणी आखातात. व्हिसाचं एजंट बघायचा आणि तिकिटाचं मोबाईल. उरलेलं सगळं आपाकडं यायचं. तिनं कधी पाटी लावली नाही. ब्लाउज शिवायला आलेल्या बाईनं एकदा विचारलं असेल, तिनं दुसरीला सांगितलं असेल. नवऱ्याबरोबर ओमानमध्ये, सोहार नावाच्या गावात आपाचा अर्धा संसार झाला होता, एवढंच तिचं शिक्षण.

तिचा पहिला नियम म्हणजे भरलेली बॅग घेऊन जिना चढून यायचं. आमचा जिना दगडी आणि उभा. वर पोचेपर्यंत भल्याभल्यांची बोलती बंद व्हायची. मग चटईवर बॅग उघडली जायची आणि निम्मं सामान बाहेर यायचं. तांदूळ बाहेर, पोळपाट बाहेर, पुरणयंत्र बाहेर. कुकरची जादा शिट्टी आणि रबर मात्र आत. "तांदूळ जगभर भेटतो, शिट्टी भेटत नाय," असं ती म्हणायची. मी खालून चहा घेऊन जायचे आणि कोपऱ्यात बसून तमाशा बघायचे. मला काय, रिकामपण भरपूर होतं.

तिचं सगळंच बरोबर असायचं असंही नाही. मच्छरदाणीवर तिचा भारी जीव. माणूस वाळवंटात निघालेला असो की बर्फात, मच्छरदाणी घ्यायचीच. करमाडचं एक कुटुंब ती थेट नॉर्वेला घेऊन गेलं. तिथं त्यांच्या पोरानं तिचा तंबू करून बैठकीच्या खोलीत राज्य मांडलं, असा फोटो आला. मी तो फोटो आपाला महिनाभर दाखवत होते. तिनं दरवेळी तो शांतपणे बघितला आणि म्हणाली, "बघ, कामाला आली ना?"

एका रविवारी ऋतुराज आणि श्रेया आले. तो शेंद्र्याच्या एका कंपनीत इंजिनिअर, ती खाजगी शाळेत शिकवायची, सोबत बालवाडीतली मुलगी. जर्मनीला निघाले होते. ऋतुराजची बॅग उघडल्यावर आपानं पहिलं विचारलं, "कागदं कुठं हायेत?"

"मोठ्या बॅगेत, तळाशी. एकदम सेफ."

"काढ. लग्नाचं, पोरीच्या जन्माचं, लसीचं, तुमच्या डिग्र्यांचं. जे अस्सल हाय ते हातातल्या पिशवीत. बॅग चुकली तर कपडे बाजारात भेटतात, जन्माचा दाखला नाय भेटत. औषधं बी हातात, डाक्टरच्या चिठ्ठीसंगं. आन् इथल्या घराचं कोण बघणार? कुणातरी एकाला मुखत्यारपत्र करून दे. चार भावांच्या भरवशावर सोडू नक्को."

मग ती श्रेयाकडं वळली. "तू काय करणार तिथं?"

"बघू. सुरुवातीला घरच सांभाळीन म्हणते."

"नक्को गं माँ. हा हापिसात जाईल, पोरगी शाळेत, तू खिडकीत. पहिल्याच महिन्यात भाषेचा क्लास लाव. आन् रोज एकाच दुकानात जा, एकाच वख्ताला. दुकानवाली आधी बघणार नाय. मग बघंल. मग एक दिवस तू नाय गेलीस तर दुसऱ्या दिवशी इचारंल, काल का नाय आलीस. माणसाला तेवढंच लागतं."

पोरीच्या रोजच्या वापरातली चादर न धुता घ्या, म्हणजे नव्या घरात पहिल्यांदा निजताना तिला ओळखीचा वास येईल. आईला रोज फोन करू नका, आठवड्यातला एक दिवस ठरवा, नाहीतर मन रोज इकडं पळतं. गरम कपडे इथून नेऊ नका, इथली थंडी ती काय थंडी. आणि 'दोनच वर्षं तर काढायचीत' हे पोरीसमोर कधीही बोलायचं नाही, कारण मग पोर मित्र करत नाही. हे सगळं ती मशीनवर वाकून, सुई ओवत सांगत होती. हातात हिमरूची एक चिंचोळी पट्टी होती. तिचे वडील नवाबपुऱ्यात हिमरू विणायचे. त्यांच्या मागावरची उरलीसुरली चिंध्यांची गाठोडी तिनं जन्मभर जपून ठेवली होती.

पट्टीत तिनं एक रुपया शिवला आणि ऋतुराजला उजवा हात पुढं करायला सांगितला.

"हे काय?" त्यानं विचारलं.

"इमाम जामीन. प्रवासाला निघणाऱ्याच्या दंडाला बांधतात. सुखरूप पोचलं की सोडायचं, आन् रुपया तिथल्या कुणा गरजू माणसाला द्यायचा."

"पण आमच्यात असलं नसतं हो, आपा."

"रुपया तर सरकारचा हाय," आपा म्हणाली आणि गाठ मारली. "पर एक ध्यानात ठेव. विमान उतरलं म्हंजी पोचलं नाय. रुपया देशील तवा पोचलास. गरज कुणाला हाय हे शोधायला गल्ली हिंडावी लागती, लोकांच्या तोंडाकडं बघावं लागतं. तवर घरी फोन करून 'पोचलो' म्हणायचं नाय, 'उतरलो' म्हणायचं."

ऋतुराज हसला, पण दंडावरची पट्टी त्यानं सोडली नाही. ती माणसं गेल्यावर चटईवर त्यांचे पोहे, पापड आणि लोणच्याची बरणी उरली. अशा उरलेल्या सामानावर आमची दोन्ही घरं मजेत चालायची, हेही सांगून टाकते.

आता खरी गोष्ट अशी, की सगळ्यांना पोचवणारी ही बाई स्वतः कधीच पोचली नव्हती.

लग्नानंतर फारूखभाई तिला सोहारला घेऊन गेले. ते तिथं एसी दुरुस्त करायचे. निघताना स्टेशनवर सासूनं तिच्या दंडाला इमाम जामीन बांधला. आत नवा कोरा स्टीलचा रुपया, एका बाजूला कणसं असलेला. सोहारला उतरल्यावर आपानं खिडकीतून बघितलं तर रस्त्यावर मोठमोठ्या गाड्या, पांढरेशुभ्र झगे, झाडांना नळीनं पाणी. तिला गरजू माणूस दिसेना. चार दिवस वाट बघितली, मग पट्टी सोडून बिस्किटाच्या डब्यात ठेवली. गावी गेल्यावर सासूला विचारू, म्हणाली. आणि तिथूनच बिघडलं. पोचल्याचा रुपया दिला नाही म्हणजे आपण अजून वाटेतच आहोत, असं तिच्या मनानं धरलं. तिनं पडदे लावले नाहीत. जाड बुडाचं पातेलं घेतलं नाही, कारण परत जाताना ओझं होईल. शेजारणीचं नाव विचारलं नाही. समुद्र चालत जाण्याच्या अंतरावर होता, तो तिनं नीट बघितला तो निघायच्या आदल्या दिवशी. मुलगा रय्यान तिथंच जन्मला, तिथंच दहावी झाला, आणि ट्रंक कॉटखाली तशीच भरलेली.

"मला तिथं सपनात पाणचक्की दिसायची," ती सांगायची. "वरून पाणी पडतंय, मी हौदाच्या काठावर बसलेय, मासे येऊन पायाला लागतायत. डोळा उघडला की एसी घरघरायचा."

मग फारूखभाईंचं काम संपलं आणि सगळे इथं परतले. पहिल्याच आठवड्यात तिला स्वप्नात सोहारचा समुद्र दिसायला लागला. तोच समुद्र, ज्याच्याकडं तिनं इतकी वर्षं पाठ फिरवली होती. स्वप्नात तो आमच्या जिन्यापर्यंत यायचा, शेवटच्या पायरीला हळूच भिजवायचा आणि माघारी जायचा. ती हे इतक्या साधेपणानं सांगायची की मी एकदा सकाळी जाऊन पायरीला हात लावून बघितला. कोरडी होती. नवऱ्याला हे अजून सांगितलेलं नाही.

फारूखभाई वारल्यावर तर ती खोलीत पाहुण्यासारखी राहायला लागली. मी तिला एकदा चिडून म्हटलं, "आपा, तो रुपया देऊन टाक ना एकदाचा. दर्ग्यासमोर एवढे बसलेले असतात."

"हा इथं द्यायचा नव्हता, सारजा. इथून तर मी निघाले होते. जिथं पोचायचं तिथं द्यायचा होता."

मी देवगाव रंगारीहून लग्न करून या घरात आले, तेव्हा माझ्या दंडाला कुणी काही बांधलं नव्हतं. आले आणि चूल पेटवली, एवढंच.

मागच्या वर्षी रय्यानला आईला कायमचं बोलवून घ्यायची परवानगी मिळाली. तो आणि त्याची बायको तबस्सुम जर्मनीतल्या एका गावात राहतात. त्या गावाचं नाव मला आजही नीट म्हणता येत नाही. फोनवर तो म्हणाला, "अम्मी, आता ये. एकटीनं राहायचं नाही." आपा हो म्हणाली, आणि सगळ्या गल्लीला शहाणपण शिकवणाऱ्या बाईची बॅग भरायला मी बसले.

काय काय निघालं त्या बॅगेतून! मशीनचा पाय, पितळी पानदान, हिमरूची गाठोडी, वडिलांच्या मागावरचा लाकडी धोटा, आणि अर्थात मच्छरदाणी. मी म्हटलं, चल, जिना चढून दाखव. ती बॅग घेऊन तळाच्या पायरीशी उभी राहिली. दोन पायऱ्या चढली आणि तिथंच बसली. मी वरून बघत होते. चेष्टा विसरून मी खाली उतरले.

"मशीन इथंच ऱ्हाऊ दे," ती म्हणाली. "लई दिवस नाय राहणार मी तिथं. येते माघारी."

हे ऐकून मला धास्ती वाटली. ही तिथंही बॅग उघडणार नाही. पोराच्या घरात पलंगाच्या कडेला बसून राहील, परत यायची वाट बघत, आणि म्हातारपण तसंच संपून जाईल. आणि त्याच वेळी मला बरंही वाटलं, कारण मग ती माघारी येईल. दोन्ही खरं होतं. कुठलं जास्त खरं, ते मी तेव्हा स्वतःला विचारलं नाही.

निघायच्या दिवशी तिनं बिस्किटाचा डबा काढला. जुनी पट्टी विरून गेली होती. तिनं हिमरूची नवी पट्टी शिवली, आत तोच रुपया घातला आणि माझ्या हातात दिली. "बांध."

"मी? मला तुमची दुवा येत नाय, आपा."

"मोठं कुणी उरलं नाय माझ्या मागं. तुला जे येतंय ते म्हण."

सुखरूप जा, एवढंच म्हटलं आणि गाठ मारली. तिचा दंड किती बारीक झालाय ते मला तेव्हा कळलं. चिकलठाण्याच्या विमानतळावर काचेच्या पलीकडं ती मागं वळून बघत होती, मग गर्दीत दिसेनाशी झाली. घरी येऊन मी तिचं मशीन खाली आणलं, बैठकीत ठेवलं आणि वर चादर घातली.

दुसऱ्या दिवशी फोन आला. "उतरले," ती म्हणाली.

त्यानंतर दर शुक्रवारी आमचा व्हिडिओ कॉल ठरला, तिच्याच नियमाप्रमाणे आठवड्यातून एकदा. ती मला खिडकी दाखवायची. खिडकीबाहेर पांढरं आभाळ, पांढरं छप्पर, एक उघडं झाड. आवाज म्हणून काही नाही. मी म्हणायचे, "बाही वर कर." ती करायची. पट्टी दंडावर तशीच असायची. अंघोळीला सोडायची आणि परत बांधायची.

"इथं बी कुणी गरजू दिसत नाय गं," ती म्हणायची. रय्यान तिला सांगून थकला होता, अम्मी, मोबाईलवरून कुठल्यातरी संस्थेला पैसे पाठवू. तिला ते मान्य नव्हतं. हातातून हातात गेलं पाहिजे, म्हणायची. बॅग पलंगाखाली होती. भरलेली. ते मी विचारलं नाही, तबस्सुमनं आपण होऊन सांगितलं. ती बिचारी घाबरली होती. "काकू, अम्मी दिवसभर खिडकीतच बसतात," म्हणाली. मी तिला धीर दिला. आणि फोन ठेवून बैठकीत आले, मशीनवरची धूळ पुसली, तेल घातलं. चालू स्थितीत असावं म्हणून.

दुपारी मला झोप लागली की तो समुद्र आता माझ्या स्वप्नात यायचा. मी समुद्र जन्मात एकदाच बघितलाय, तोही लांबून. तरी तो यायचा, जिन्याची पायरी भिजवायचा. मला वाटायचं, आपाला शोधतोय.

मग एका शुक्रवारी फोन तिनंच केला, नेहमीच्या वेळेआधी. चेहरा लाल झालेला, डोक्यावरची ओढणी घसरलेली. मी घाबरले. ती म्हणाली, ऐक.

तिथल्या मोठ्या दुकानांबाहेर सामान ढकलायच्या गाड्या असतात. एकीला एक साखळीनं अडकवलेल्या. फटीत नाणं सारलं की साखळी सुटते आणि गाडी मिळते. गाडी परत आणून लावली की नाणंही परत मिळतं. आदल्या दिवशी तबस्सुम दुकानात गेली होती आणि आपा बाहेर बाकावर बसली होती. गाड्यांजवळ एक म्हातारी उभी होती. उंच, पांढऱ्या केसांची, अंगात चांगला महागाचा कोट, हातात काठी. ती पर्स उलटीपालटी करत होती. तिला सामानासाठी गाडी नको होती, चालायला आधार म्हणून हवी होती. काठीनं भागत नव्हतं. माणसं येत होती, आपापली गाडी सोडवून आत जात होती. म्हातारी कुणाला काही विचारत नव्हती, नुसती पर्समध्ये बोटं फिरवत होती.

"सारजा, मी बघतच राहिले. एवढा चांगला कोट घातलेली बाई आन् तिला एका नाण्याची गरज हाय. मी इतकी वर्षं कपडे बघत बसले गं. सोहारला बी कपडेच बघितले."

आपाकडं तिथले पैसे नव्हते. तिनं बाही वर केली, दातानं गाठ सोडली, शिवण उसवली आणि सासूचा रुपया म्हातारीच्या हातावर ठेवला. तो त्या फटीत कसा बसला कोण जाणे, पण बसला. साखळी खळकन पडली. म्हातारी गाडीवर दोन्ही हात टेकून सावकाश आत गेली.

"मग?"

"मग ती माघारी आली ना. गाडी लावली, रुपया बाहेर आला, आन् ती तो घेऊन थेट माझ्याकडं. परत द्यायला."

इतक्या वर्षांनी दिलेला रुपया परत घेतला असता तर आपा पुन्हा वाटेतच राहिली असती. तिनं दोन्ही हात पाठीमागं लपवले. म्हातारीला वाटलं, ही लाजते. तिनं आपाचा हात ओढून पुढं आणला, आपानं मूठ आवळली. एक जर्मनमध्ये बोलतेय, दुसरी दखनीत, "नक्को, नक्को, तुमीच रखो." तबस्सुम धावत बाहेर आली आणि तिनं मोडक्यातोडक्या जर्मनमध्ये सगळं समजावलं. प्रवास, दंड, सासू, रुपया. म्हातारीनं नाणं दोन्ही बाजूंनी नीट बघितलं. कणसांवरून अंगठा फिरवला. मग पर्सच्या आतल्या कप्प्यात ठेवून चेन लावली आणि आपाच्या त्याच मुठीवर आपला हात ठेवला. तिचं घर यांच्या पुढच्याच चौकात निघालं. दुसऱ्या दिवशी ती सफरचंदाचा केक घेऊन दारात हजर.

"नाव काय तिचं?"

"मला म्हणता येत नाय. तिला बी माझं येत नाय. पर उद्या ती मला तिची बाग दाखवणार हाय." आपानं बाही वर करून मोकळा दंड दाखवला. पट्टीचा फिकट वळ उठला होता. मग ती म्हणाली, "पोचले गं, सारजा."

मला आनंद झाला. डोळे भरून आले इतका झाला. आणि वाईटही वाटलं, कारण पोचलेलं माणूस माघारी येत नाही, हे मी त्या चटईशेजारी बसून इतक्या वेळा ऐकलं होतं.

"आता ते मशीन कुणाला तरी देऊन टाक," ती म्हणाली. "गरज असंल तिला."

"देते," मी म्हटलं.

त्याला आता बरेच महिने झाले. तिनं बॅग उघडली, खिडकीला हिमरूच्या चिंध्या जोडून पडदा लावला. ऋतुराजच्या श्रेयानं तिला फोनवर भाषेचे धडे द्यायला सुरुवात केलीय, आणि म्हातारीच्या बागेत तिनं मेथी पेरलीय. मच्छरदाणीही कामाला आली म्हणे, रोपांवर पक्षी बसू नयेत म्हणून. स्वप्नात आता काय दिसतं असं विचारलं, तर म्हणाली, काही नाही, गाढ झोप लागते.

गेल्या शुक्रवारी तिनं विचारलं, "मशीन दिलंस?"

"नाय अजून. शोधतेय. इथं कुणी गरजू दिसतच नाय, आपा."

माझ्या मागं चादर घातलेलं मशीन तिला दिसत असणार. ती हसली नाही. फोनच्या जवळ येऊन हळू आवाजात म्हणाली, "सारजा, बाही वर कर."